चहाचे चवपरीक्षण

चहाचे चवपरीक्षण म्हणजे तयार चहाचे नमुने ठरावीक वजनात घेऊन, ठरावीक पाण्यात व ठरावीक वेळ भिजवून, डोळे, नाक, जीभ आणि बोटांचा स्पर्श यांच्या साहाय्याने त्यांची प्रत ठरवण्याची व परस्परांशी तुलना करण्याची पद्धत होय. व्यापारी व्यवहारात ही पद्धत 'टी टेस्टिंग' या नावाने ओळखली जाते व परीक्षकास 'टी टेस्टर' म्हणतात. चहाचे कारखाने, लिलाव केंद्रे, दलालांची कार्यालये आणि मिश्रण करून पुडे भरणाऱ्या कंपन्या येथे हे काम दररोज चालते. भारतात लिलावात येणाऱ्या चहाचे मूल्यांकन आजही मुख्यतः परीक्षकाच्या जिभेवर अवलंबून असते.

पिशवीतील चहा व सुटा चहा यांची तुलना हा या विषयाचा सामान्य ग्राहकाला सर्वाधिक जवळचा भाग आहे. सुटा चहा नेहमीच सरस व पिशवीतील चहा नेहमीच निकृष्ट असतो, असा समज रूढ आहे. प्रत्यक्षात चवीतील फरकाची मुख्य कारणे पानांचा आकार, चहाची प्रत, ताजेपणा, वजन, पाणी आणि भिजवण्याचा वेळ ही असतात. हे घटक समान ठेवल्याशिवाय केलेली तुलना फसवी ठरते.

== संज्ञा ==

परीक्षणात एकाच नमुन्याच्या तीन अवस्था तपासल्या जातात.

* कोरडी पत्ती: कारखान्यातून आलेला तयार चहा.
* द्रव: पत्ती भिजवून गाळलेला कोरा चहा. व्यापारात यास 'लिकर' म्हणतात.
* चोथा: द्रव गाळल्यावर मागे राहणारी ओली पत्ती. व्यापारात यास 'इन्फ्युजन' म्हणतात.

या लेखात 'चहा' हा शब्द कॅमेलिया सायनेन्सिस या वनस्पतीच्या पानांपासून केलेल्या पदार्थासाठी वापरला आहे. या वनस्पतीचे चिनी आणि आसामी असे दोन प्रमुख उपप्रकार लागवडीत आहेत. गवती चहा ही गवताच्या कुळातील वेगळी वनस्पती असून ती या परीक्षणाच्या कक्षेत येत नाही.

== इतिहास ==

चहाची व त्यासाठी वापरलेल्या पाण्याची पारख करण्याची परंपरा चीनमध्ये जुनी आहे. आठव्या शतकात लू यू याने लिहिलेल्या चहाविषयक ग्रंथात डोंगरातील पाणी उत्तम, नदीचे मध्यम व विहिरीचे कनिष्ठ अशी प्रतवारी आढळते. सोंग राजवटीच्या काळात चीनमध्ये चहाच्या स्पर्धा होत. चौदाव्या शतकात जपानमध्ये 'तोचा' हा खेळ लोकप्रिय झाला. प्रतिष्ठित मळ्याचा 'खरा' चहा आणि इतर ठिकाणचा चहा केवळ चवीवरून ओळखणे, असे त्याचे स्वरूप होते.

व्यापारी परीक्षणाची वाढ लिलावांबरोबर झाली. ईस्ट इंडिया कंपनीने इ.स. १६७९ मध्ये लंडनमध्ये चहाचा लिलाव केला. आसामात पिकवलेला चहा लंडनच्या लिलावात पहिल्यांदा १० जानेवारी १८३९ रोजी विकला गेला. भारतातील पहिला चहा-लिलाव २७ डिसेंबर १८६१ रोजी कोलकात्यात झाला. पुढे कोची (१९४७), कुन्नूर (१९६३), गुवाहाटी (१९७०) व सिलिगुडी (१९७६) येथे लिलाव केंद्रे सुरू झाली. लंडनचा लिलाव १९९८ मध्ये बंद पडला.

अमेरिकेत १८९७ च्या चहा-आयात कायद्यानुसार सरकारी चहा-तज्ज्ञांचे मंडळ नेमले जाई. दरवर्षी चव घेऊन प्रमाण नमुने ठरवणे हे या मंडळाचे काम होते. त्या नमुन्यांपेक्षा हलक्या प्रतीचा चहा बंदरावरच नाकारला जाई. ही व्यवस्था सुमारे शंभर वर्षे टिकली व १९९६ मध्ये कायद्याने रद्द झाली.

== परीक्षणास येणारे चहाचे प्रकार ==

भारतात परीक्षणासाठी येणारा बहुतांश चहा काळा, म्हणजे पूर्ण ऑक्सिडीकरण झालेला असतो. तो दोन पद्धतींनी बनतो.

=== ऑर्थोडॉक्स पद्धत ===

खुडलेली पाने कोमेजवून यंत्रात वळली जातात, ऑक्सिडीकरणासाठी पसरली जातात, वाळवली जातात व शेवटी चाळून त्यांची प्रतवारी केली जाते. पाने बऱ्याच अंशी अखंड व पीळदार राहतात. दार्जिलिंग, आसाम, निलगिरी व कांग्रा येथील सुगंधी चहा मुख्यतः या पद्धतीने बनतो.

=== सीटीसी पद्धत ===

दातेरी रुळांमध्ये पाने चिरडली, फाडली व वळवली जातात. या तीन क्रियांच्या इंग्रजी नावांच्या आद्याक्षरांवरून 'सीटीसी' हे नाव आले. हे यंत्र विल्यम मॅकर्चर यांनी १९३० च्या सुमारास आसामातील अमगुरी मळ्यावर विकसित केले. या पद्धतीने बनलेला चहा दाणेदार असतो, झटपट उतरतो व गडद रंग देतो. दूध घातल्यावरही त्याची चव टिकते. महाराष्ट्रात घरोघरी वापरली जाणारी चहापूड मुख्यतः याच प्रकारची असते. बाजारात तिला 'ममरी' असेही म्हणतात.

=== प्रतवारी ===

प्रतवारीतील इंग्रजी आद्याक्षरे प्रामुख्याने पत्तीचा आकार व कोवळ्या कळ्यांचे प्रमाण दर्शवतात. ऑर्थोडॉक्स चहात 'एफटीजीएफओपी', 'टीजीएफओपी', 'ओपी' अशा अखंड पानांच्या प्रती, 'बीओपी' ही तुटक्या पानांची प्रत आणि त्याखाली 'फॅनिंग्ज' व 'डस्ट' या बारीक प्रती येतात. सीटीसी चहातही दाण्याच्या आकारानुसार 'बीपी', 'पीडी', 'डस्ट' इत्यादी प्रती आहेत. 'डस्ट' या शब्दाचा अर्थ येथे धूळ किंवा कचरा असा होत नाही. ती चाळणीतून पडलेली सर्वांत बारीक प्रत असते. चांगल्या मळ्याची डस्ट सामान्य मळ्याच्या जाड पत्तीपेक्षा महाग विकली जाऊ शकते. प्रतीचे नाव चवीची हमी देत नाही, म्हणूनच प्रत्यक्ष परीक्षणाची गरज भासते.

== प्रमाण पद्धत ==

परीक्षणासाठी चहा कसा तयार करावा हे आंतरराष्ट्रीय प्रमाणीकरण संघटनेच्या 'आयएसओ ३१०३' या मानकात दिले आहे. हे मानक प्रथम १९८० मध्ये प्रसिद्ध झाले व २०१९ मध्ये सुधारण्यात आले. त्यातील मुख्य तरतुदी पुढीलप्रमाणे आहेत.

* भांडे पांढऱ्या चिनी मातीचे किंवा झिलई दिलेल्या मातीचे असावे. त्याच्या कडेला दाते व वर झाकण असावे.
* दर १०० मिलिलिटर पाण्यास २ ग्रॅम चहा घ्यावा.
* पाणी नुकतेच उकळलेले असावे.
* झाकण ठेवून चहा ६ मिनिटे भिजवावा.
* द्रव पांढऱ्या वाडग्यात गाळावा व चोथा उलट्या झाकणावर काढून ठेवावा.
* दूध वापरायचे असल्यास मोठ्या वाडग्यास सुमारे ५ व लहान वाडग्यास सुमारे २.५ मिलिलिटर घ्यावे.

हे मानक उत्तम चव देणारा चहा कसा करावा हे सांगत नाही. ६ मिनिटे भिजवलेला कोरा चहा पिण्यास बराच उग्र लागतो. गुण-दोष ठळकपणे समोर यावेत आणि कोलकाता, कोलंबो किंवा मोंबासा येथे केलेले परीक्षण एकमेकांशी ताडून पाहता यावे, हा त्याचा उद्देश आहे. ज्या ब्रिटिश मानकावरून ही पद्धत आली, त्याच्या सहा पानी मजकुराबद्दल ब्रिटिश मानक संस्थेला १९९९ मध्ये विनोदी संशोधनासाठीचे 'इग नोबेल' पारितोषिक साहित्य विभागात देण्यात आले होते.

भारत, श्रीलंका व ब्रिटन येथील जुन्या परीक्षण-कक्षांत जुन्या चांदीच्या सहा पेन्सच्या नाण्याइतके, म्हणजे सुमारे २.८ ग्रॅम वजन वापरण्याची प्रथा होती. मानकातील लहान भांड्यासाठी लागणारा चहाही साधारण तेवढाच भरतो.

== परीक्षणाचे टप्पे ==

परीक्षण-कक्षात लांब मेजावर नमुने ओळीने मांडलेले असतात. प्रत्येक नमुन्यामागे कोरड्या पत्तीची डबी, पुढे चोथा ठेवलेले झाकण व त्यापुढे द्रवाचा वाडगा असतो. रंग नीट दिसावा म्हणून उत्तरेकडील खिडक्यांचा सौम्य, समान प्रकाश पसंत केला जातो.

# कोरडी पत्ती: पत्तीचा रंग, आकारातील सारखेपणा, पीळ, कळ्यांचे प्रमाण आणि काड्या व तंतू पाहिले जातात. पत्ती मुठीत दाबून कुरकुरीतपणा तपासतात. मऊ पत्तीत ओलावा शिरल्याची शक्यता असते.
# चोथा: चांगल्या काळ्या चहाचा चोथा चकचकीत तांब्याच्या रंगाचा असतो. हिरवट चोथा अपुरे ऑक्सिडीकरण दर्शवतो, तर काळपट व निस्तेज चोथा अतिरिक्त ऑक्सिडीकरण किंवा अतिउष्णता दर्शवतो. वास घेण्यासाठी गरम चोथा नाकाजवळ नेला जातो.
# द्रव: रंगाची गडदता व चमक पाहिल्यावर परीक्षक चमचाभर द्रव मोठा आवाज करीत भुरकतो. भुरकताना द्रव हवेत मिसळून तुषारांच्या रूपाने तोंडभर पसरतो व त्यातील सुगंधी द्रव्ये घशामागून नाकापर्यंत पोहोचतात. ज्याला सामान्यतः चव म्हटले जाते, तिचा मोठा भाग या मार्गाने आलेल्या वासाचा असतो.
# थुंकणे: द्रव क्षणभर तोंडात घोळवून पिकदाणीत टाकला जातो. अनुभवी परीक्षक दिवसाला शेकडो नमुने तपासतात. एवढा चहा पोटात जाऊ देणे शक्य नसते.
# निवल्यावर पुन्हा पाहणी: दर्जेदार दाट चहा निवल्यावर त्यावर दुधी गढूळपणा येतो. कॅफीन व पॉलिफेनॉल एकत्र येऊन हा परिणाम घडतो. व्यापारात ही 'क्रीम' चांगल्या प्रतीची खूण मानली जाते.

नमुने नेहमी एकमेकांच्या संदर्भात तपासले जातात. मेजावर सौम्य चहापासून कडक चहाकडे जाण्याचा प्रघात आहे, कारण कडक चहानंतर घेतलेला नाजूक चहा सपक भासतो.

== शब्दावली ==

परीक्षकांची बोली मुख्यतः इंग्रजीत घडली आहे. तिच्यातील काही महत्त्वाच्या संज्ञा व त्यांचे मराठी अर्थ पुढे दिले आहेत.

* ब्रिस्क: तरतरीत, जिभेला टोचणारा पण न रेंगाळणारा तुरटपणा.
* ब्राइट: तजेलदार, रंगात चमक असलेला.
* बॉडी: तोंडात जाणवणारा दाटपणा. याउलट 'थिन' म्हणजे पाणचट.
* माल्टी: मोड आणून भाजलेल्या सातूची आठवण देणारा गोडसर वास, आसामच्या उत्तम चहाचे लक्षण.
* मस्कटेल: दार्जिलिंगच्या दुसऱ्या बहरातील, पिकलेल्या द्राक्षांसारखा सुगंध.
* फ्लॅट: सपक, जुन्या किंवा ओलावा शिरलेल्या चहाचा दोष.
* स्मोकी: धुरकट; भट्टीतील धूर शिरल्याने येणारा दोष.
* बेकी: करपट, वाळवताना उष्णता जास्त झाल्याची खूण.
* टेंटेड: परका वास लागलेला.

एकाच शब्दाचा अर्थ सर्व परीक्षकांनी सारखाच घ्यावा, यासाठी काळ्या चहाच्या परिभाषेचे 'आयएसओ ६०७८' हे स्वतंत्र मानक तयार करण्यात आले.

== चवीमागील रसायन ==

ताज्या पानातील कॅटेचिन गटातील पॉलिफेनॉल, पाने चिरडल्यावर, विकरांच्या साहाय्याने हवेतील ऑक्सिजनशी संयोग पावतात. त्यापासून थिआफ्लेव्हिन व थिअरुबिगिन ही द्रव्ये बनतात. थिआफ्लेव्हिनमुळे द्रवाला सोनेरी चमक व तरतरी येते, तर थिअरुबिगिनमुळे तांबूस-तपकिरी रंग व दाटपणा येतो. ऑक्सिडीकरण लांबले तर थिआफ्लेव्हिन घटते आणि चहा गडद पण निस्तेज होतो. गडद रंग म्हणजे चांगला चहा हा समज त्यामुळे बरोबर नाही.

कॅफीनमुळे कडवटपणा व उत्तेजकता, थिअनिन या अमिनो आम्लामुळे सौम्य गोडवा आणि लिनॅलूल, जिरॅनिऑल यांसारख्या बाष्पनशील द्रव्यांमुळे फुलांसारखा सुगंध येतो. दार्जिलिंगच्या मस्कटेल सुगंधाचा संबंध तुडतुड्यांसारख्या कीटकांनी कोवळी पाने शोषल्यावर झाडाने दिलेल्या रासायनिक प्रतिसादाशी आहे.

== पिशवीतील चहा आणि सुटा चहा ==

=== पिशवीचा उगम ===

अमेरिकेतील मिलवॉकी येथील रॉबर्टा लॉसन व मेरी मोलारेन यांनी एका कपापुरता चहा धरणाऱ्या जाळीदार सुती पिशवीच्या एकस्वासाठी १९०१ मध्ये अर्ज केला व १९०३ मध्ये त्यांना एकस्व मिळाले. न्यू यॉर्कचे व्यापारी टॉमस सलिव्हन यांनी १९०८ च्या सुमारास रेशमी पिशव्यांतून नमुने पाठवले व ग्राहकांनी त्या तशाच गरम पाण्यात बुडवल्या, अशी कथा लोकप्रिय आहे. जर्मनीतील टीकाने कंपनीचे अडोल्फ राम्बोल्ड यांनी १९४९ मध्ये दोन कप्प्यांची पिशवी भरणारे वेगवान यंत्र तयार केले. ब्रिटनमध्ये टेटली कंपनीने १९५३ मध्ये पिशव्या बाजारात आणल्या. हीच कंपनी २००० मध्ये टाटा टी या भारतीय कंपनीने विकत घेतली.

=== पिशवीत काय असते ===

भारतात विकल्या जाणाऱ्या बहुतेक पिशव्यांत सुमारे २ ग्रॅम चहा असतो. हा चहा सहसा फॅनिंग्ज किंवा डस्ट प्रतीचा असतो. याची दोन कारणे आहेत. बारीक कणांचे एकूण पृष्ठफळ मोठे असल्याने ते दोन-तीन मिनिटांत रंग व कडकपणा देतात. शिवाय ते लहान पिशवीत मावतात. अखंड पाने भिजल्यावर फुगतात व त्यांना पसरण्यास जागा लागते. त्रिकोणी मनोऱ्याच्या आकाराच्या पिशव्या ही जागा वाढवण्यासाठीच प्रचारात आल्या.

पिशवीचा कागद लाकडाचा लगदा व अबाका या केळीच्या जातीच्या झाडाचे तंतू यांपासून बनतो. उष्णतेने कडा चिकटवण्यासाठी त्यात अनेकदा पॉलिप्रॉपिलीनचे तंतू मिसळतात. काही मनोऱ्याकार पिशव्या नायलॉनच्या किंवा पॉलिएस्टरच्या असतात. कॅनडातील मॅकगिल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ मध्ये अशा प्लास्टिक पिशव्या ९५ अंश सेल्सिअस पाण्यात ठेवल्या असता एका पिशवीतून सुमारे ११.६ अब्ज सूक्ष्मकण सुटल्याचे नोंदवले. या मोजणीच्या पद्धतीवर नंतर इतर तज्ज्ञांनी आक्षेप घेतले. पिशवीला दोरा जोडण्यासाठी वापरली जाणारी धातूची पिन पोटात जाण्याचा धोका लक्षात घेऊन भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने तिच्या वापराविरुद्ध आदेश काढला.

=== फरकांचे स्वरूप ===

{| class="wikitable"
! बाब !! पिशवीतील चहा !! सुटा सीटीसी !! सुटा ऑर्थोडॉक्स
|-
| कणांचा आकार || बहुधा अतिबारीक || दाणेदार || अखंड किंवा तुटकी पाने
|-
| उतरण्याचा वेग || जलद. कागदामुळे किंचित अडथळा || जलद || संथ
|-
| बलस्थान || सोय, वजनातील सारखेपणा || रंग, दाटपणा, दुधात टिकणारी चव || सुगंध, चवीतील बारकावे
|-
| सामान्य दोष || सपकपणा, कागदाचा वास || ओलावा, भेसळीचा धोका || दुधात सुगंध लोपणे
|-
| दुसऱ्यांदा भिजवणे || फारसा अर्थ नाही || फारसा अर्थ नाही || चांगल्या पत्तीत शक्य
|}

बारीक कणांचे जे पृष्ठफळ चहा लवकर उतरवते, तेच हवेच्या संपर्कात सुगंध लवकर घालवते. त्यामुळे पातळ खोक्यात उघड्या राहिलेल्या पिशव्या लवकर सपक होतात. प्रत्येक पिशवी स्वतंत्र हवाबंद पाकिटात असल्यास हा दोष बराच कमी होतो. सुट्या चहालाही असाच धोका आहे. किराणा दुकानात हिंग, मसाले किंवा साबण यांच्या शेजारी उघड्या डब्यात ठेवलेला चहा ते वास ओढून घेतो. हवाबंद पिशवीतील ताजा चहा अशा सुट्या चहापेक्षा परीक्षणात सरस ठरू शकतो.

=== न्याय्य तुलना ===

पिशवीचा परिणाम व आतील चहाचा परिणाम वेगळा करण्यासाठी एक सोपी मांडणी उपयोगी पडते. एकाच प्रकारच्या तीन कपांत प्रत्येकी २ ग्रॅम चहा घेतला जातो: पहिल्यात अखंड पिशवी, दुसऱ्यात तशीच पिशवी कापून मोकळी केलेली पूड आणि तिसऱ्यात तुलनेसाठीचा सुटा चहा. प्रत्येकात १०० मिलिलिटर उकळते पाणी ओतून, झाकण ठेवून, सर्व कप एकाच वेळी गाळले जातात. पहिल्या व दुसऱ्या कपातील फरक पिशवीमुळे पडलेला असतो, तर दुसऱ्या व तिसऱ्या कपातील फरक चहाच्या प्रतीमुळे. पिशवीवर दिलेली दोन-तीन मिनिटांची सूचना आणि सुट्या पत्तीची चार-पाच मिनिटे यांची सरमिसळ केल्यास हा निष्कर्ष काढता येत नाही. प्रत्येक चहा त्याच्या योग्य वेळी कसा लागतो हे पाहायचे असल्यास ती तुलना स्वतंत्रपणे करावी लागते.

== पाणी व दूध ==

कठीण पाण्यातील कॅल्शियम व बायकार्बोनेट यांमुळे चहाचा रंग काळपट होतो, तरतरी घटते व पृष्ठभागावर साय आल्यासारखा पातळ थर जमतो. त्यामुळे मिश्रण करणाऱ्या कंपन्या ज्या भागात चहा विकायचा तेथील पाण्यावर त्याची चव तपासतात. धरणातील मृदू पाण्यावर उत्तम लागणारा चहा विंधन विहिरीच्या कठीण पाण्यावर निस्तेज लागू शकतो. दोन ठिकाणच्या लोकांचे एकाच पुड्याबद्दल मतभेद होण्याचे हे एक कारण आहे.

दुधातील केसीन हे प्रथिन पॉलिफेनॉलशी जोडले जाऊन तुरटपणा कमी करते. म्हणून सीटीसी चहाचे परीक्षण दुधासह व दुधाविना अशा दोन्ही प्रकारे करणे श्रेयस्कर असते. चांगल्या सीटीसी चहात दूध घातल्यावर उजळ, सोनेरी-तांबूस रंग येतो. हलक्या चहात राखाडी छटा येते. दार्जिलिंगचा पहिल्या बहराचा चहा मात्र दुधाविनाच तपासला जातो.

== अंध परीक्षण ==

पुड्यावरील नाव व किंमत ठाऊक असल्यास मत आधीच बनते. म्हणून नमुन्यांवर केवळ क्रमांक घालून ते तपासण्यास अंध परीक्षण म्हणतात. या संकल्पनेचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण चहाचेच आहे. इंग्लंडमधील रॉथमस्टेड संशोधन केंद्रात शैवालतज्ज्ञ म्युरिअल ब्रिस्टल यांनी कपात आधी दूध घातले की आधी चहा, हे आपण चवीवरून ओळखू शकतो असे सांगितले. त्यावरून संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी आठ कपांचा प्रयोग मांडला. चार कपांत आधी दूध व चार कपांत आधी चहा असताना, आठांतून चार कप निवडण्याचे ७० प्रकार होतात. म्हणून केवळ नशिबाने सर्व कप अचूक ओळखले जाण्याची शक्यता ७० मध्ये १ इतकीच राहते. फिशर यांनी १९३५ च्या आपल्या पुस्तकात या उदाहरणाच्या आधारे प्रयोगांच्या आखणीचे तत्त्व मांडले.

व्यवहारात 'त्रिकोणी चाचणी' अधिक वापरली जाते. तीन कपांपैकी दोन एकाच चहाचे व एक वेगळ्या चहाचा असतो आणि वेगळा कप ओळखायचा असतो. अंदाजाने बरोबर येण्याची शक्यता एका फेरीत ३ मध्ये १, तर सलग चार फेऱ्यांत ८१ मध्ये १ असते. पिशवीतील व सुट्या चहातील फरक आपल्याला निश्चित कळतो असे मानणाऱ्यांनी तो खरोखर कळतो का, हे या चाचणीने पडताळता येते.

== लिलाव व किंमत ==

कारखान्यातून आलेल्या मालाचे नमुने लिलावापूर्वी दलाल तपासतात व प्रत्येक लाटेचे अपेक्षित मूल्य ठरवतात. खरेदीदारांनाही नमुने दिले जातात आणि ते आपापल्या परीक्षकांकडून चव घेऊन बोलीची मर्यादा ठरवतात. 'धुरकट' किंवा 'सपक' असा एका शब्दाचा शेरा संपूर्ण लाटेचा दर खाली आणू शकतो.

या शेऱ्याचे परिणाम मळ्यापर्यंत पोहोचतात. भारताच्या चहा-उत्पादनात आज लहान उत्पादकांचा वाटा अर्ध्याहून अधिक आहे. त्यांच्यातील बहुतेकांचा स्वतःचा कारखाना नसतो. ते ओली पाने खरेदी करणाऱ्या कारखान्यांना विकतात. त्या पानांचा दर तयार चहाला मिळालेल्या दराशी जोडण्याची पद्धत चहा मंडळाने घालून दिली आहे. दोन पाने व एक कळी अशी नाजूक खुडणी केलेल्या उत्पादकाचा माल जाड पानांच्या मालात मिसळला गेल्यास चवपरीक्षणात दोघांचाही एकच शेरा येतो व काळजीपूर्वक खुडणीचा मोबदला बुडतो. त्यामुळे परीक्षकाच्या निष्पक्षपातीपणाबरोबर नमुना कोणाच्या मालाचा आहे, हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा ठरतो.

दार्जिलिंग चहाला भारतातील पहिले भौगोलिक संकेतांकन मिळाले. चवीवरून उगमस्थानाचा अंदाज करता येतो, पण त्याचा कायदेशीर पुरावा होत नाही. त्यासाठी मळ्यापासून विक्रीपर्यंतच्या नोंदी तपासाव्या लागतात.

== महाराष्ट्रातील संदर्भ ==

महाराष्ट्रात चहा बहुधा पाणी, दूध व साखर यांसह उकळून केला जातो. पुण्यातील 'अमृततुल्य' दुकानांत आले किंवा वेलची घालून उकळलेला चहा प्रसिद्ध आहे. उकळल्याने तुरटपणा व रंग पूर्ण उतरतो, परंतु बाष्पनशील सुगंध बराचसा उडून जातो. साखर, दूध व मसाल्यामुळे पत्तीतील दोषही झाकले जातात. म्हणून नवीन पूड पारखताना प्रथम कोरा चहा करून पाहणे व नंतर नेहमीच्या रीतीने उकळलेला चहा तपासणे हितावह असते. पहिल्यातून पत्तीचे गुण-दोष कळतात. दुसऱ्यातून ती पूड घरातील वापरास योग्य आहे का हे कळते.

सुटा चहा विकणारी अनेक दुकाने वेगवेगळ्या मळ्यांची पूड मिसळून स्वतःचे मिश्रण तयार करतात. यात रंगासाठी एक, दाटपणासाठी दुसरी व वासासाठी तिसरी पत्ती असते. अशा खरेदीत भेसळीची प्राथमिक तपासणी घरी करता येते. पांढऱ्या गाळण कागदावर पूड पसरून पाणी शिंपडल्यास कृत्रिम रंगाचे डाग लगेच उमटतात. शुद्ध चहाचा रंग थंड पाण्यात इतक्या वेगाने सुटत नाही. लोहकण चुंबक फिरवून ओळखता येतात.

== मर्यादा ==

चवपरीक्षणाने चहाचा दर्जा व दोष कळतात, मात्र त्याची सुरक्षितता कळत नाही. कीटकनाशकांचे अवशेष, जड धातू व सूक्ष्मजंतू यांची तपासणी प्रयोगशाळेतच होते. जलविद्राव्य अंश किमान ३२ टक्के असणे यांसारख्या रासायनिक अटीही प्रयोगशाळेत तपासल्या जातात. सर्दी, थकवा, तिखट जेवण व तंबाखू यांचा जिभेवर व नाकावर परिणाम होतो. परीक्षकाच्या बाजारपेठेची आवडही त्याच्या मतात उतरते. जो चहा कोऱ्या चहाच्या बाजारात 'नाजूक' म्हणून वाखाणला जातो, तोच दुधाच्या चहाच्या बाजारात 'पाणचट' ठरू शकतो. म्हणून कोणत्याही परीक्षणाचा निष्कर्ष वाचताना पाणी, प्रमाण, वेळ व दुधाचा वापर यांची नोंद सोबत आहे का, हे पाहणे आवश्यक असते. ती नोंद नसल्यास दोन परीक्षणांचे निष्कर्ष एकमेकांशी ताडता येत नाहीत.

== हेही पहा ==

* चहा
* दार्जिलिंग चहा
* आसाम चहा
* भारतीय चहा मंडळ
* रोनाल्ड फिशर